ड्राइव्ह बसवलाय, पण डँपर बांधलेलाच

ड्राइव्हच्या, म्हणजे मोटरचा वेग कमी-जास्त करणाऱ्या पेटीच्या, डिस्प्लेवर 50.00 हर्ट्झ दिसलं की माझं डोकं फिरतं. एखाद्या वेळी दिसलं तर ठीक आहे, लोड असेल. पण दिवसपाळीला जा, रात्रपाळीला जा, हंगामाच्या सुरुवातीला जा नाहीतर शेवटाला, आकडा तोच. मग एवढे पैसे घालून ड्राइव्ह आणला कशाला? 50 हर्ट्झ तर हेस्कॉम, आमची वीज कंपनी, आपल्याला तारेवरूनच देते की.

आमचं दुकान बेळगावच्या उद्यमबागेत. आप्पांनी मोटर वाइंडिंगचं काम सुरू केलं, पुढे मी त्याला ड्राइव्ह आणि पॅनेलची जोड दिली. मच्छे-पिरनवाडीकडच्या फाउंड्र्या वर्षभर असतात. दसरा जवळ आला की चिकोडी, हुक्केरी, रायबाग, अथणी पट्ट्यातल्या साखर कारखान्यांचे फोन सुरू होतात. ओव्हरहॉलिंग चालू असताना पॅनेलकडे कुणी ढुंकून बघत नाही आणि बॉयलर पेटवायच्या आठवड्यात सगळ्यांना एकदम अक्का आठवते. (मला सगळे अक्का म्हणतात, माझ्या आप्पांच्या वयाचे लोकसुद्धा. मी आता त्याचा विचार करायचं सोडलंय.)

वीज वाचवायची तर ड्राइव्ह बसवा, असं हल्ली जो तो सांगतो. ड्राइव्ह वीज वाचवत नाही. उलट स्वतः दोन-तीन टक्के खातो, तापतो, त्याला थंड ठेवायला वेगळे पंखे लागतात. वीज वाचते ती मशीन हळू फिरल्यामुळे, आणि तीही किती वाचणार हे मशीन कुठलं आहे त्यावर.

साधी इंडक्शन मोटर घ्या. चार पोलची असेल तर 50 हर्ट्झला तिचं चुंबकी क्षेत्र मिनिटाला 1500 फेरे मारतं आणि रोटर त्याच्या किंचित मागे, लोडवर 1440 ते 1480च्या दरम्यान. फ्रिक्वेन्सी बदलल्याशिवाय हा वेग हलत नाही. ड्राइव्ह काय करतो, तर आलेल्या एसीची आधी डीसी करतो, मग आयजीबीटी नावाचे इलेक्ट्रॉनिक स्विच भराभर चालू-बंद करून त्यातून हवी ती फ्रिक्वेन्सी तयार करतो. व्होल्टेजही त्याच प्रमाणात खाली आणतो, म्हणजे मोटरच्या गाभ्यातलं चुंबकत्व जिथल्या तिथे राहतं. 40 हर्ट्झ दिले की तीच मोटर 1200च्या जरा खाली फिरते. यात जादू कुठेच नाही.

पैसा कुठे आहे ते पंख्यात आणि पंपात बघावं. पंख्याचा वेग 80 टक्के केला तर हवा 80 टक्के मिळते, दाब 64 टक्के, आणि शाफ्टला लागणारी पॉवर 51 टक्के. पॉवर वेगाच्या घनाने पडते. 90 टक्क्यांवर ती 73 टक्के होते. वेग फक्त दहा टक्के सोडला आणि पॉवर चौथ्या हिश्शाहून जास्त उतरली, यावर पहिल्यांदा ऐकणाऱ्याचा विश्वास बसत नाही. कागदावर गुणाकार करून दाखवावा लागतो. तीच 80 टक्के हवा डँपर, म्हणजे हवेच्या वाटेतली झडप, आवळून घेतली तर पॉवर थोडीशीच उतरते, बाकीची डँपरच्या पात्यांवर घासून वाया जाते. समजा या दोन पद्धतींत 35 किलोवॅटचा फरक पडला. आयडी फॅन, म्हणजे बॉयलरच्या भट्टीतला धूर ओढून धुराड्यात सोडणारा पंखा, चोवीस तास चालतो. 120 दिवसांचा हंगाम धरा. 1,00,800 युनिट होतात, एकाच फॅनचे. ज्या कारखान्यात कोजन आहे, म्हणजे बॉयलरच्या वाफेवर वीजही तयार होते, तिथे न वापरलेलं युनिट ग्रिडला विकलं जातं, म्हणजे ही नुसती काटकसर नव्हे, ही विक्री आहे.

एवढं असून डिस्प्लेवर 50.00 का दिसतं, याचं उत्तर मला चिकोडी तालुक्यातल्या एका कारखान्यात बॉयलरची भट्टी सांभाळणाऱ्या एका फायरमननी दिलं.

तिथल्या आयडी फॅनचा ड्राइव्ह दुसऱ्याच कुणी बसवून गेलं होतं. चीफ इंजिनिअरांचा फोन आला, "ड्राइव्ह घातला तरी युनिट कमी येत नाहीत, एकदा बघून जा." मी पोचले तेव्हा रात्रपाळी लागली होती. पॅनेलवर अपेक्षेप्रमाणे 50.00. जाळीच्या जिन्याने वर गेले, तर फॅनच्या तोंडाशी डँपरचा दांडा तिसऱ्या हिश्श्यावर आणून बाइंडिंग तारेने करकचून बांधलेला. तारेला गंज चढला होता, म्हणजे हे काल-परवाचं नव्हतं. तिथल्या फायरमनना विचारलं.

"मामा, ही तार कुणी बांधली?"

"मीच की. सोडू नगासा, अक्का."

"का हो?"

"त्या साहेबानं ऑटोला टाकलं हुतं. घटकाभर बरं चाललं. मग भट्टीनं असा उलटा दम मारला, फीडरच्या तोंडातनं जाळ भाईर! ह्यो बघा." त्यांनी बाही मागे सारून मनगट दाखवलं. "तवापासनं पन्नासवर ठिवलाय. वाईच आवाज करतोय, पर जाळ आतच ऱ्हातोय."

मला विचाराल तर त्या माणसाने बरोबर केलं. चिपाडाच्या भट्टीत दाब बाहेरच्या हवेपेक्षा जरासा कमी ठेवावा लागतो, पाण्याच्या उंचीत मोजला तर उणे 5 मिलिमीटरच्या आसपास. आयडी फॅन जास्त ओढायला लागला की गरम हवा धुराड्यातून वाया जाते आणि राखेबरोबर अर्धवट जळलेलं चिपाडही उडतं. कमी ओढला तर आग तोंडातून बाहेर येते. चिपाडात निम्मं पाणीच असतं, त्यात पाऊस लागलेला ऊस आला की आग मिनिटा-मिनिटाला बदलते. तिच्या मागे फॅनचा वेग धावला पाहिजे, आणि त्यासाठी आतला दाब नीट कळला पाहिजे.

कंट्रोल रूममध्ये बसून मी नुसता ड्राफ्टचा, म्हणजे भट्टीतल्या त्या उणे दाबाचा, आकडा बघत राहिले. उणे 8. चहा आला, चहा संपला, तरी उणे 8. चालू भट्टीचा ड्राफ्ट कधी एका आकड्यावर बसत नाही, तो सतत थरथरत असतो. वर जाऊन दाब मोजणाऱ्या ट्रान्समीटरकडे जाणारी अर्ध्या इंची नळी सोडवली, तर आत राख दाबून भरलेली. तिने जुना दाब आत कोंडून ठेवला होता. कंट्रोलरला वाटत होतं ओढ भरपूर आहे, म्हणून तो फॅन हळू करत जायचा, आणि भट्टी उलटा दम मारायची. हवेच्या पाइपने नळी फुंकून काढली. मोकळ्या तोंडाशी बिडीच्या बंडलाचा कागद धरला, तर तो पटकन आत ओढला गेला. मामांनी दोनदा स्वतः धरून बघितला.

दुसरी भानगड ड्राइव्हच्या फॉल्ट लॉगमध्ये होती. वरपासून खालपर्यंत ओव्हरव्होल्टेजच्याच ओळी. वेग उतरवायला दिलेला वेळ 15 सेकंद! आयडी फॅनचं चाक माणसाहून उंच आणि चांगलंच जड. फ्रिक्वेन्सी झपकन खाली आणली तरी ते चाक थोडंच थांबणार आहे, ते मोटरलाच फिरवायला लागतं आणि मोटर जनरेटर होऊन वीज मागे ढकलते. साध्या ड्राइव्हला ती वीज लाइनला परत देता येत नाही, ती डीसी बसमध्ये, म्हणजे ड्राइव्हच्या आतल्या डीसीच्या भागात, साठते. 415 व्होल्टच्या सप्लायला ही बस एरवी साधारण 560 व्होल्टला असते. 800च्या आसपास गेली की ड्राइव्ह स्वतःला वाचवायला ट्रिप होतो. आयडी ट्रिप झाला की इंटरलॉकने एफडी, म्हणजे भट्टीत हवा भरणारा पंखा, जातो, पाठोपाठ चिपाडाचे फीडर, आणि प्रेशर उतरलं की मिल हाऊसपासून पॅनपर्यंत सगळे बॉयलरच्या नावाने बोटं मोडतात. असं चार वेळा झालं की कुठलाही शहाणा माणूस ऑटोचं बटण विसरूनच जाईल.

उतरायचा वेळ दोन मिनिटांवर नेला, बस व्होल्टेज चढायला लागलं तर उतरणं आपोआप लांबवायची सेटिंग चालू केली. वीज एक झटका जाऊन आली तर फिरत्या चाकाला आहे त्या वेगावर पकडायची सोय ड्राइव्हमध्ये असते, तीही बंदच होती. मग मामांना म्हटलं, आता डँपर तुम्हीच उघडा, तुमच्या हाताने, जेवढा धीर होईल तेवढा. त्यांनी तासाभरात तो बोट-बोट करत पूर्ण उघडला. वेग 38 ते 41 हर्ट्झमध्ये खेळायला लागला, किलोवॅट आधीच्या निम्म्याच्या जरा वर आले. फॅनचा तो सततचा घोंगाट इतका उतरला की खालच्या मजल्यावरचा ऑइलमन बंद पडला की काय बघायला वर आला. तार मात्र मामांनी गुंडाळून खिशात ठेवली. पहाटे मी निघेपर्यंत ती खिशातच होती.

आधी ड्राइव्ह बसवून गेलेल्यांनी तासभर ऑटोवर चालवून दाखवलं, कमिशनिंग रिपोर्टवर सही घेतली आणि बिल पाठवलं. नळी साफ करायची कुणी, किती दिवसांनी, हे कुठल्याच कागदावर नव्हतं. आता पाळीच्या रजिस्टरमध्ये ती एक ओळ आहे.

गव्हाणीचा, म्हणजे ऊस मिलकडे नेणाऱ्या साखळीचा, हिशेब मात्र वेगळा. तिथे घनबिन काही नाही. साखळीला ओढायला लागणारा जोर वेग कमी केला म्हणून घटत नाही, वेग निम्मा केला तर पॉवर निम्मी, बास. पूर्वी बऱ्याच ठिकाणी गव्हाणीला डायनोड्राइव्ह असायचा. मोटर आपली पूर्ण वेगाने फिरायची आणि मधलं विद्युतचुंबकी कपलिंग घसरत घसरत पुढचा वेग कमी द्यायचं. गव्हाण 60 टक्क्यांवर चालवली तर कपलिंगला आलेल्या पॉवरपैकी 40 टक्के तिथेच उष्णता होऊन जायची. फ्रिक्वेन्सी ड्राइव्हने ती घसरण गेली, हा एक फायदा. खरा फायदा खाद्य एकसारखं पडण्यात आहे. ऊस फोडून तंतू करणाऱ्या फायब्रायझरच्या मोटरचा अँपिअर वर चढला की गव्हाण आपोआप हळू, उतरला की पुन्हा जोरात. मला आठवतं, आप्पांबरोबर लहानपणी गेले होते तेव्हा एक माणूस वर नुसता नॉब धरून अँपमीटरकडे डोळे लावून उभा असायचा आणि खालून कुणीतरी ओरडायचं, "सावकाश बिड्रि, सावकाश!" (बिड्रि म्हणजे कानडीत सोडा) त्याचं लक्ष जरा हललं की चोकअप, मग मिल बंद आणि सगळे पहारी घेऊन आत.

इथे एक गोष्ट सांगून ठेवते, कारण अशा जळक्या मोटरी आमच्याच दुकानात येतात. साध्या मोटरचा पंखा तिच्याच शाफ्टवर असतो. गव्हाण 12-15 हर्ट्झवर रेंगाळली की पंखा नावालाच फिरतो, करंट मात्र पूर्ण वेगाला असतो तेवढाच. मोटर तापणारच. तिला वेगळ्या सप्लायवर चालणारा ब्लोअर हवा. नवी मोटर घेताना हजारांत वाचवतात आणि ऐन हंगामात रात्री दीड वाजता तीच मोटर ट्रॅक्टरमध्ये घालून बेळगावला आणतात.

बॅच सेंट्रिफ्यूगल, म्हणजे साखरेतली मळी गरगर फिरवून वेगळी करणारं मशीन, बघायला मला सगळ्यात मजा येते. एका खेपेला 1750 किलो माल घेणारं मशीन हळू फिरताना तो भरून घेतं, मग हजाराच्या वर फेरे घेऊन मळी उडवतं, पुन्हा पार पन्नासेक फेऱ्यांवर येतं आणि नांगर साखर खरवडून खाली टाकतो. दर काही मिनिटांनी हेच. एवढं वजन थांबवताना जी ऊर्जा सुटते ती पूर्वी ब्रेकच्या लायनरवर जायची. आता रिजनरेटिव्ह ड्राइव्ह ती लाइनला परत देतात. एकाच डीसी बसवर चार मशीन असतील तर एक थांबताना दुसऱ्याला वेग घ्यायला तीच वीज कामी येते. मात्र सगळी मशीन एकाच वेळी थांबणार नाहीत, असं वेळापत्रक लावावं लागतं.

आता फाउंड्रीकडे. मागे मच्छेतल्या एका मालकांकडे गेले तर टेबलावर एक कोटेशन: कॉम्प्रेसरला ड्राइव्ह लावा, 50 टक्के वीज वाचेल. खाली पंख्याचाच घनाचा नियम छापलेला. स्क्रू कॉम्प्रेसरला तो नियम लागूच नाही. त्याची पॉवर वेगाबरोबर जवळजवळ सरळ रेषेत उतरते. तिथे फायदा होतो तो अनलोडचा. रिकामा फिरतानाही स्क्रू कॉम्प्रेसर पूर्ण लोडच्या चौथा ते तिसरा हिस्सा पॉवर खातो. निम्मा वेळ अनलोड असेल तर ड्राइव्ह जरूर लावा. यांचा कॉम्प्रेसर तर दिवसभर लोडवरच होता, आणि का, ते मोल्डिंगच्या लाइनवरून चालत गेलं की कानांनाच कळत होतं. जोडाजोडातून हवा गळत होती, सुईं-सुईं. म्हटलं, आधी शंभर-दोनशे रुपयांचे क्लॅम्प आणा.

त्याच फाउंड्रीत डस्ट कलेक्टरच्या ब्लोअरलाही ड्राइव्ह घ्यायचा विचार होता. डँपर बघितला, अर्धा बंद. विचारलं, कधी पूर्ण उघडता? कधीच नाही. सीझनला? नाही. मग ड्राइव्ह कशाला? ज्याचा वेग एकदाच कमी करायचाय त्याला पुली बदलली की झालं. ब्लोअर बेल्टवरच होता. मोटरची 10 इंची पुली काढून साडेआठची घातली, वेग 85 टक्के, पॉवर 61 टक्क्यांवर. पुली, बेल्ट आणि अर्ध्या दिवसाची मजुरी, एवढाच खर्च. (मी ड्राइव्ह विकून पोट भरते आणि सल्ला पुलीचा देते, म्हणून आप्पा हसतात. पण पुढच्या वर्षी सँड प्लांटचं काम तिथूनच आलं.) एक काळजी मात्र घेतली. वाळूची धूळ नेणाऱ्या डक्टमध्ये हवेचा वेग सेकंदाला 18 ते 20 मीटरच्या खाली गेला की धूळ आतच बसायला लागते आणि डक्ट वजनाने खाली येतो. म्हणून आधी हवेचा वेग मोजला, मगच पुलीचा माप ठरवला.

ड्राइव्हवरच्या मोटरी बिघडतातही निराळ्या तऱ्हेने. केबल लांब असेल तर मोटरच्या टर्मिनलवर व्होल्टेजचे फटके बसतात आणि कॉइलचे पहिले काही वेढे आधी जातात. आप्पा आता अशा मोटरींना दुहेरी थराची वायर वापरतात. बेअरिंग उघडलं तर आतल्या पट्टीवर पन्हाळी पत्र्यासारख्या आडव्या रेघा दिसतात. शाफ्टमधून बेअरिंगमार्गे करंट गेल्याची ती खूण. अशा वेळी नुसतं बेअरिंग बदलून द्यायचं नाही, मागच्या बाजूला इन्सुलेटेड बेअरिंग नाहीतर शाफ्टला अर्थिंग ब्रश घालायचा. आणि ड्राइव्हच्या आऊटपुटला कपॅसिटर जोडलेला दिसला तर आधी तो काढा, बाकीचं नंतर बोलू.

गेल्या महिन्यात निपाणीकडून दूधगंगेवरच्या एका पाणीपुरवठा संस्थेचे सेक्रेटरी आले होते. बिल परवडत नाही, साखर कारखान्यात केलंत तसं आमच्या पंपाला पण करा म्हणाले. मी विचारलं, नदीपासून टाकी किती उंच? म्हणाले, 55 मीटर. पंपाचा एकूण हेड, म्हणजे पाइपातलं घासणं धरून पंप पाणी जेवढं उंच ढकलतो तो आकडा, 75. कागद ओढला आणि मांडून दाखवलं. वेग 80 टक्के केला की पंपाचा दाब 64 टक्के होतो, पाणी बंद असताना काय थोडंफार जास्त चढेल तेवढं सोडा, हेड 48 मीटरच्या आसपास. टाकी 55वर. पाणी टाकीपर्यंत पोचलंच तर नावापुरतं, नाहीतर पाइपात मध्येच उभं राहणार आणि पंप आत नुसतं घुसळत बसणार. कारखान्याचा फॅन धूर नुसता पुढे ढकलतो, त्याला चढायचा असा डोंगर नाही. तुमच्या पंपाची जवळजवळ पाऊण ताकद चढण्यातच जाते, तिथे वेग कमी करायला जागाच कुठे आहे?

सेक्रेटरी जरा हिरमुसले. मग बोलता बोलता कळलं, की उन्हाळ्यात निम्म्याच शेतकऱ्यांना पाळी असते आणि तेव्हा व्हॉल्व्ह आवळून पंप चालवतात. म्हटलं, मग उन्हाळ्यासाठी त्याच उंचीला पाणी चढवणारा, पण निम्म्या डिस्चार्जचा दुसरा छोटा पंप बसवा, मोठा पावसाळ्यानंतरच्या पाळ्यांना ठेवा. आणि पंप घेताना दुकानदाराला एचपी नका सांगू, त्या हेडला त्याची कार्यक्षमता किती ते कर्व्हवर बोट ठेवून दाखवायला सांगा. त्यांनी ते वहीत लिहून घेतलं आणि जाता जाता विचारलं, जुना पंप रिवाइंड करायला आणला तर किती पडेल. ते आप्पांचं खातं, म्हणून त्यांना आत पाठवलं.